हॅम शॅकसाठी घरात स्वतंत्र सर्किट घालताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याजवळ दुमजली घर आहे, डीबी (घरभर वीज वाटणारा ब्रेकरचा बोर्ड) जिन्याखाली आहे आणि वरच्या मजल्यावरची एक खोली हॅम म्हणजे हौशी रेडिओसाठी (हॅम लोक अशा खोलीला शॅक म्हणतात) मिळाली आहे. त्या खोलीत आज पाच अँपिअरचा एकच पॉइंट आहे. सध्या शंभर वॅटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) रिग म्हणजे रेडिओ संच आहे आणि पुढे चारशे वॅटचा लिनियर (रिगची पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) घ्यायचा आहे. वायरमनच्या मते आहे त्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन बोर्ड घेतला तरी चालेल. एका हॅम मित्राने मात्र सांगितले आहे की, रेडिओसाठी बागेत वेगळा रॉड ठोकावा आणि तो घराच्या अर्थिंगला मुळीच जोडू नये, नाहीतर घरातला नॉइज रिसीव्हरमध्ये येईल. त्यातच ७ मेगाहर्ट्‌झवर ट्रान्समिट केले की अधूनमधून घराचा आरसीसीबी (विजेची गळती दिसताच पडणारा ब्रेकर) पडतो. वायरमनचा सल्ला गैरसोयीचा आहे, पण मित्राचा सल्ला धोकादायक आहे, म्हणून सर्वांत जास्त जागा मी अर्थिंगलाच देणार आहे. त्याआधी लोडचा हिशेब करू.

शंभर वॅटचा रिग पूर्ण पॉवरवर असताना १३.८ व्होल्टला साधारण २० ते २३ अँपिअर घेतो, म्हणजे डीसी बाजूला सुमारे ३०० वॅट लागतात. एसएमपीएसची (रिगच्या स्विचिंग पॉवर सप्लायची) कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर भिंतीतून सुमारे ३५० वॅट जातात. मात्र आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक साध्या एसएमपीएसमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारा भाग नसतो आणि त्यांचा पॉवर फॅक्टर ०.६५ च्या आसपास असतो. त्यामुळे तारेतून प्रत्यक्ष वाहणारा प्रवाह दीड अँपिअर नसून जवळपास अडीच अँपिअर असतो. हेच गणित चारशे वॅट आउटपुटच्या सॉलिड स्टेट लिनियरला लावले आणि त्याची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर सव्वापाच ते पावणेसहा अँपिअर होतात. संगणक, मॉनिटर, दिवा, पंखा, अँटेना फिरवणारा रोटेटर आणि कधीतरी लागणारी सोल्डरिंग आयर्न मिळवली की बेरीज दहा अँपिअरच्या आसपास येते. एसएसबी या आवाजाच्या पद्धतीवर बोलताना सरासरी प्रवाह याहून बराच कमी असतो हे खरे, पण एफटी८ सारख्या डिजिटल पद्धतीत ट्रान्समिटच्या प्रत्येक (एक सोडून एक येणाऱ्या) पंधरा सेकंदांच्या फेरीत साडेबारा सेकंदांहून अधिक काळ सलग पूर्ण पॉवर जाते, आणि वायरिंग नेहमी अशा वापराला धरूनच करावे लागते. वीजबिलावरचा मंजूर भारही एकदा पाहून घ्या. तो एक किंवा दोन किलोवॅट असेल आणि घरात गीझर असेल, तर लिनियर घेण्याआधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करणे योग्य ठरेल.

पाच अँपिअरच्या पॉइंटमागे बहुधा एकची किंवा दीडची (म्हणजे तितक्या चौरस मिलिमीटरची) वायर असते आणि ती वाटेत तीन-चार खोल्यांचे दिवे-पंखे घेत आलेली असते. डीबीपासून तुमच्या खोलीपर्यंत तारेची वाट वीस मीटर धरली, तर एकच्या वायरवर दहा अँपिअरला सुमारे पावणेनऊ व्होल्टची घट येते, दीडच्या वायरवर पावणेसहा, अडीचवर साडेतीन आणि चारच्या वायरवर दोनाच्या थोडी वर. संध्याकाळी आधीच २०० व्होल्टवर आलेल्या गावात पावणेनऊ व्होल्ट ही मोठी रक्कम आहे. शिवाय तुमच्या आवाजाच्या चढउताराबरोबर खालच्या खोलीतला दिवा लुकलुकू लागला की घरचे लोक या छंदाकडे कोणत्या नजरेने पाहतात हे निराळे सांगायला नको. एक्स्टेन्शन बोर्डचा मुद्दा इथेच निकालात निघतो. बाजारातल्या स्वस्त बोर्डची वायर पाऊण चौरस मिलिमीटरची, पत्र्याच्या पट्ट्या ढिल्या आणि अर्थची जोडणी नावापुरती असते.

म्हणून डीबीपासून खोलीपर्यंत दुसरे काहीही न जोडलेले एक स्वतंत्र सर्किट घ्या. अडीचची तांब्याची वायर नियमात बसते, कारण पाइपमधून गेलेल्या अडीचच्या वायरला आपल्या हवामानात वीसेक अँपिअर झेपतात. तरीही माझा कल चारच्या वायरकडे आहे. खर्चातला फरक किरकोळ असतो, आणि भिंत एकदा फोडून बुजवली की ती दुसऱ्यांदा फोडण्याची कोणाचीच तयारी नसते. अर्थची वायरही फेजइतक्याच जाडीची, हिरव्या रंगाची घ्या. फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्ही वायरी पूर्ण वाटभर एकाच पाइपमधून गेल्या पाहिजेत. जुन्या पाइपमध्ये जागा नाही म्हणून अर्थची वायर बाहेरून वेगळ्या वाटेने आणण्याची सवय काही वायरमनना असते. तसे केले की तिन्ही वायरींमध्ये एक मोठा लूप तयार होतो, आणि असा लूप ट्रान्समिटरची आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) पकडतो व घरातला नॉइज रिसीव्हरपर्यंत पोहोचवतोही. कन्सील्ड पाइपमध्ये वाव नसेल तर भिंतीवरून केसिंग-कॅपिंग करावी. दिसायला साधी दिसली तरी तिन्ही वायरी त्यात एकत्र राहतात.

डीबीत या सर्किटसाठी १६ अँपिअरचा, सी कर्व्हचा, ३० मिलीअँपिअरचा आणि टाइप ए असलेला आरसीबीओ (गळती आणि जादा प्रवाह दोन्हींवर पडणारा ब्रेकर) बसवा. बी कर्व्हचा ब्रेकर क्षमतेच्या तिप्पट ते पाचपट प्रवाहाला तत्काळ पडतो, तर सी कर्व्हचा पाचपट ते दहापट प्रवाहाला पडतो. मोठा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर किंवा रिकामे कपॅसिटर असलेला एसएमपीएस सुरू होताना क्षणभर जो झटका घेतो, तो बी कर्व्हला सोसत नाही. टाइप ए सांगण्याचे कारण असे की, इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून गळणारा प्रवाह शुद्ध एसी नसतो. साध्या टाइप एसी आरसीसीबीला असा तुटक डीसीसारखा प्रवाह नीट ओळखता येत नाही.

इथे एक बारकी पण नेहमी चुकणारी गोष्ट आहे. घराच्या मेनवर आधीच ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल आणि त्याच्या पुढे तुम्ही आणखी एक ३० मिलीअँपिअरचा आरसीबीओ लावला, तर गळतीच्या वेळी दोघांपैकी आधी कोण पडेल ते सांगता येत नाही, बहुधा दोन्ही पडतात. म्हणजे फ्रीजसकट सगळे घर अंधारात जाते. म्हणून शॅकच्या आरसीबीओला फीड मेन आयसोलेटरनंतर लगेच, घराच्या आरसीसीबीच्या आधीच्या बाजूने घ्यावा. आरसीबीओतून निघालेला न्यूट्रल फक्त या सर्किटचाच असला पाहिजे. खोलीतल्या जुन्या बोर्डावरचा न्यूट्रल त्याला लूप केला, किंवा पुढे कुठेही न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटले, तर तो आरसीबीओ कधीच टिकणार नाही आणि दोष विनाकारण रेडिओवर येईल.

खोलीत पोहोचल्यावर चारची वायर थेट सॉकेटच्या टर्मिनलमध्ये कोंबू नका, कारण येणारी आणि पुढे जाणारी अशा दोन वायरी तिथे नीट बसत नाहीत. ती आधी एसी किंवा गीझरला लावतात तसल्या, दिवा असलेल्या डबल पोल स्विचवर आणावी आणि तिथून अडीचच्या वायरने पाच-पंधराच्या सहा किंवा आठ सॉकेटचा एक सलग बोर्ड टेबलाच्या मागे, हाताच्या उंचीवर करावा. डबल पोल स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. जुन्या घरांत कुठेतरी फेज-न्यूट्रल उलटलेले असण्याची शक्यता कायम असते, तेव्हा याचा उपयोग कळतो. हा स्विच दाराजवळ असावा, आणि तुम्हाला शॉक बसलेला दिसला तर तुम्हाला हात लावण्याआधी काय बंद करायचे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. खोलीतले दिवे मात्र जुन्याच सर्किटवर ठेवा, म्हणजे शॅकचा ब्रेकर पडला तरी उजेड राहील.

परदेशातून आणलेला जुना पॉवर सप्लाय असेल तर प्लग लावण्याआधी त्याच्या मागचा व्होल्टेज निवडण्याचा खटका पाहा. तो ११५ वर राहिला असेल तर पहिल्याच सेकंदाला सप्लाय संपतो. तुमच्या भागात थ्री फेज लाइनवर न्यूट्रल तुटण्याचे प्रकार होत असतील तर डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवणे फायद्याचे आहे, कारण न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि त्याला साधा एमसीबी काहीच करत नाही.

आता अर्थिंगकडे वळतो. हॅम लोकांच्या बोलण्यात ‘अर्थ’ हा एकच शब्द तीन वेगळ्या कामांसाठी वापरला जातो आणि सल्ल्यांमधला बहुतेक गोंधळ तिथूनच निघतो. पहिले काम सुरक्षिततेचे आहे. उपकरणाच्या धातूच्या पेटीला फेज चिकटली तर तो प्रवाह परत जाण्यासाठी भरवशाची वाट हवी, म्हणजे ब्रेकर पडतो. दुसरे काम विजेच्या कडकडाटाचे आणि तिसरे आरएफचे. मित्राचा रॉड तिसऱ्या कामासाठी सुचवलेला आहे, पण तो घराच्या अर्थिंगपासून तोडून ठेवला की पहिली दोन्ही कामे बिघडवतो.

आकडे घेऊन पाहू. अडीच मीटर लांबीचा, चार सेंटिमीटर व्यासाचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप शंभर ओहम-मीटर रोधकतेच्या, म्हणजे बऱ्यापैकी ओलाव्याच्या मातीत गाडला, तर त्याचा रोध सुमारे ३३ ओहम येतो. सातारा परिसरात दोन-चार फुटांखाली काळा कातळ लागतो, आणि रोधकता एक हजार ओहम-मीटरवर गेली की तोच पाइप ३३० ओहम दाखवतो. आता रिगच्या एसएमपीएसमध्ये बिघाड होऊन पेटीवर फेज आली आणि पेटीला फक्त या रॉडचाच आधार असला, तर चांगल्या मातीतही प्रवाह सात अँपिअर वाहील आणि कातळात पाऊण अँपिअरसुद्धा नाही. सोळा अँपिअरच्या एमसीबीला यातले काहीच जाणवणार नाही. पेटीवर मात्र जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट बसून राहतील आणि त्याच पेटीला जोडलेला माइक तुमच्या हातात असेल. आरसीबीओ इथे जीव वाचवतो, कारण त्याला ३० मिलीअँपिअर पुरतात, पण तो बिघडला किंवा कोणी वैतागून बायपास केला तर दुसरी भिंत उरत नाही.

विजेच्या बाबतीत परिस्थिती याहून वाईट आहे. अँटेनावर थेट वीज पडण्याची गरजही नाही. जवळपास पडलेल्या विजेतून एक हजार अँपिअरचा वाटा जरी तुमच्या कोॲक्सवरून (अँटेनाच्या केबलवरून) त्या रॉडमध्ये उतरला आणि रॉडचा रोध दहा ओहम असला, तरी रॉडचा दाब क्षणभर दहा हजार व्होल्टने वर जातो. घराचे अर्थिंग त्या वेळी आपल्या जागी शून्याजवळ असते. या दोन अर्थिंगांना जोडणारी एकच वस्तू घरात उरते, ती म्हणजे तुमचा रिग. त्याच्या एका टोकाला कोॲक्सची वेणी (बाहेरची तांब्याची जाळी) आणि दुसऱ्या टोकाला प्लगची अर्थ पिन असते. दोन्ही अर्थिंगे बाहेरच जाड तांब्याने जोडलेली असली, तर दोघांचा दाब बराचसा एकत्र वर चढतो आणि रिगच्या दोन टोकांमध्ये फरक फारसा राहत नाही.

तेव्हा अँटेनासाठी रॉड जरूर ठोका, पण तो घराच्या मुख्य अर्थ टर्मिनलला किमान १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने किंवा पट्टीने, घराच्या बाहेरच्या बाजूने, शक्य तितक्या सरळ वाटेने जोडा. वळणे गोलसर ठेवा. कोॲक्स ज्या ठिकाणी घरात शिरते तिथे भिंतीच्या बाहेर तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची एक पट्टी लावून सगळ्या कोॲक्सचे गॅस ट्यूब असलेले अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारे) तिच्यावर बसवा आणि ती पट्टी या रॉडला जोडा. मास्टही (अँटेनाचा खांब) तिथेच बाँड करा, म्हणजे जाड तांब्याने जोडा. घराच्या डीबीत टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर असेल तर उत्तम. पण या सगळ्याच्या जिवावर एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात रेडिओ चालू ठेवू नये. आभाळ भरून आले की कोॲक्स बाहेरच्या बाजूने काढून पट्टीला लावावी आणि डबल पोल स्विच बंद करून प्लगही उपसावेत. काढलेल्या कोॲक्सचे टोक खोलीत लोंबकळत ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

कातळात अर्थ पिट चांगली करणे कष्टाचे काम आहे, तरीही ते होते. एका खोल रॉडच्या हट्टाऐवजी रॉडच्या लांबीइतक्या किंवा जास्त अंतरावर दोन-तीन रॉड ठोकून ते आपसात जोडावेत, किंवा जीआय पट्टी चर खणून आडवी पुरावी. मीठ-कोळशाची पारंपरिक पद्धत चालते, पण मीठ पावसाळ्यागणिक धुपून जाते आणि जीआयला गंज लावते, म्हणून बेंटोनाइटची (ओलावा धरणाऱ्या चिकणमातीची) भर मला अधिक पसंत आहे. रोध मोजायचा तो मे महिन्यात. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा सुखावणारा असतो, एवढेच.

राहिले तिसरे काम. वरच्या मजल्यावरच्या खोलीतून खालच्या रॉडपर्यंत जाणारी वायर पाच मीटर लांब असेल, तर ती १४ मेगाहर्ट्‌झला जवळपास पाव तरंगलांबी होते. दहा-साडेदहा मीटर असेल तर ७ मेगाहर्ट्‌झला. खाली जमिनीला टेकलेली पाव तरंगलांबीची वायर वरच्या टोकाला आरएफसाठी फार मोठा अडथळा दाखवते, म्हणजे ज्या बँडसाठी तुम्ही ती टाकली त्याच बँडला ती अर्थ उरत नाही. उलट ती स्वतःच अँटेनासारखी वागते. वरच्या मजल्यावर आरएफ अर्थ नावाची गोष्ट जवळजवळ कधीच मिळत नाही, हे मान्य केले की पुढचे उपाय आपोआप सुचतात. टेबलामागे तांब्याची एक पट्टी किंवा नळी आडवी बसवा, रिग, ट्यूनर, लिनियर आणि पॉवर सप्लायच्या पेट्या तिला आखूड वायरींनी जोडा आणि ती पट्टी सॉकेट बोर्डाच्या अर्थला व बाहेरच्या पट्टीला बाँड करा. सगळ्या पेट्या एकाच पातळीवर राहिल्या की माइकला ओठ लागल्यावर होणारी चुरचुर बहुतांशी थांबते. मूळ आरएफ मात्र अँटेनाकडेच थांबवावी लागते.

तुमचा आरसीसीबी पडण्याचे कारणही यातच असावे, पण अंदाजावर खर्च करू नका. आधी अँटेनाच्या जागी डमी लोड (लहरी बाहेर न सोडता पॉवर पचवणारा रोध) लावून ७ मेगाहर्ट्‌झवर पूर्ण पॉवर द्या. डमी लोडवर आरसीसीबी टिकला आणि अँटेनावर पडला, तर कोॲक्सच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून आरएफ परत खोलीत आणि तिथून मेन्सच्या वायरिंगमध्ये शिरत आहे. डायपोल अँटेनाच्या फीड पॉइंटला (केबल जोडते त्या जागी) चोक, म्हणजे ही आरएफ अडवणारी गुंडाळी, नसला की हेच होते. ३१ मिक्सच्या एफटी२४० आकाराच्या फेराइट रिंगवर आरजी-५८ कोॲक्सचे दहा-बारा वेढे घेऊन एक चोक फीड पॉइंटला लावा आणि तसाच दुसरा कोॲक्स घरात शिरते तिथे. पॉवर सप्लायच्या कॉर्डचेही अशाच रिंगवर जमतील तितके वेढे घ्या, मात्र फेज, न्यूट्रल आणि अर्थसह पूर्ण कॉर्ड एकत्र गुंडाळायची. लिनियर आल्यावर आरजी-५८ चा चोक तापू शकतो, तेव्हा तिथे टेफ्लॉन इन्सुलेशनची केबल घ्यावी लागेल.

डमी लोडवरही आरसीसीबी पडत असेल तर गळतीचा हिशेब करावा लागतो. प्रत्येक एसएमपीएसच्या आत नॉइज दाबण्यासाठी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. तो ४.७ नॅनोफॅरडचा असला तर २३० व्होल्टला त्यातून सुमारे एक तृतीयांश मिलीअँपिअर सतत अर्थमध्ये जातो. संगणक, मॉनिटर, चार्जर, दूरदर्शन, वॉशिंग मशीन अशी दहा-पंधरा उपकरणे घरभर मिळून पाच-सात मिलीअँपिअर सहज जमवतात. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या वर कधीही पडू शकतो, नियमाने त्याला तशी मुभा आहे. घराची गळती आधीच निम्म्या वाटेवर असेल तर थोडीशी आरएफही पुरते. शॅक वेगळ्या आरसीबीओवर नेण्याचा मोठा फायदा हाच आहे की, एका घराची गळती दोन यंत्रांत वाटली जाते.

हेच कपॅसिटर आणखी एक गोष्ट सांगतात. ज्या घरात सॉकेटच्या अर्थ पिनमागे वायरच नाही, तिथे रिगच्या पेटीला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते आणि मीटरवर पेटी व न्यूट्रलमध्ये शंभर-एकशे पंधरा व्होल्ट दिसतात. फेजकडचा आणि न्यूट्रलकडचा कपॅसिटर मिळून पेटीला अर्ध्या दाबावर नेतात. असे दिसले की सप्लायला दोष न देता अर्थची वायर शोधायला लागा. हम कमी करण्यासाठी प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाचे बाकीचे सल्लेही तपासून घ्यावेत.

रिसीव्हरमधल्या नॉइजबद्दल अवास्तव अपेक्षा ठेवू नका. स्वतंत्र सर्किटमुळे व्होल्टेज स्थिर होते, सुरक्षितता वाढते, पण एलईडी बल्ब, सोलर इन्व्हर्टर आणि चार्जर यांचा नॉइज डीबीच्या बसबारवरून या सर्किटमध्येही येतोच. त्याचा माग काढायचा तर रिग बॅटरीवर चालवा, घरातले एमसीबी एकेक बंद करत जा आणि कुठल्या एमसीबीला एस-मीटर (रिसीव्हरवरचा सिग्नल मीटर) खाली येतो ते पाहा. मग त्या सर्किटवरचे उपकरण सापडायला वेळ लागत नाही, आणि फेराइट तिथे लावायचे, रिगला नव्हे.

यासाठी आणि एरवीही शॅकमध्ये बॅटरी हवीच. घरातल्या इन्व्हर्टरचे आउटपुट शॅकच्या सर्किटला जोडू नये. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा नॉइज बँडभर पसरतो, आणि इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल आरसीबीओच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की तो पडतो. त्यापेक्षा रिग थेट बारा व्होल्टच्या शंभर अँपिअर-तासाच्या बॅटरीवर ठेवावा. लाइफपीओ४ च्या (लिथियमच्या) चार सेलचा संच असेल तर त्याच्या बीएमएसला (सेल सांभाळणाऱ्या सर्किटला) तीस अँपिअर सलग झेपतात याची खात्री करावी. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी योगायोगाने हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते आणि अंदमानाचा संपर्क बाहेरच्या जगाशी राखण्यात त्यांच्या रेडिओंचा मोठा वाटा होता. अशा वेळी मेन्सवरच अवलंबून असलेला शॅक कोणाच्याच कामाचा नसतो.

डीसी बाजूला लोक फारसे लक्ष देत नाहीत, पण तिथे प्रवाह मेन्सच्या आठ-दहापट असतो. चारची फ्लेक्सिबल वायर दोन मीटर लांब असली तरी २२ अँपिअरला ०.४४ व्होल्ट खाते, सहाची ०.२९. बहुतेक रिग १३.८ व्होल्टच्या पंधरा टक्के वर-खाली चालतात, म्हणजे तळ ११.७ च्या आसपास येतो. बॅटरी आधीच १२.२ वर असली तर हा अर्धा व्होल्टच निर्णायक ठरतो. कंपनीच्या कॉर्डमध्ये पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही वायरींत फ्यूज असतात, ते तसेच राहू द्या, आणि बॅटरीच्या टोकाशी वेगळा फ्यूज घाला. शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो अँपिअर देते आणि तिथे कोणताही आरसीबीओ मदतीला येत नाही. लग (वायरच्या टोकाचे धातूचे जोड) नीट क्रिंप केलेले असावेत, नुसती पिळलेली वायर स्क्रूखाली दाबू नये.

डीबीतले आणि भिंतीतले काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. तुम्ही हॅम परीक्षा उत्तीर्ण असलात तरी ती परीक्षा वायरिंगची नव्हे. पण काम ताब्यात घेताना चार गोष्टी समोर उभे राहून तपासून घ्या. सगळी उपकरणे काढून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासावे. एक मेगाओहमच्या खाली काहीही चालणार नाही आणि नव्या वायरिंगला खरे तर शेकडो मेगाओहम यायला हवेत. अर्थची सलगता डीबीपासून सॉकेटच्या पिनपर्यंत मोजावी. वीस मीटर अडीचच्या वायरला ०.१५ ओहम आणि चारच्या वायरला ०.१ च्या जरा खाली येतात, याहून फार जास्त आले तर जोड ढिला आहे. प्रत्येक सॉकेटची फेज-न्यूट्रल बाजू पाहावी. आरसीबीओ नुसत्या टेस्ट बटणाने न तपासता टेस्टर लावून तपासावा, कारण ते बटण यंत्र चालू आहे एवढेच सांगते, तुमचे अर्थिंग जोडलेले आहे की नाही हे सांगत नाही.

अर्थिंग तपासण्यासाठी वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावू लागला तर त्याला थांबवा. अर्थची वायर वाटेत तुटलेली असेल तर त्या बल्बमधून आलेली फेज तेवढ्या वेळापुरती घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या पेटीवर येते, आणि नेमके त्याच वेळी कोणी फ्रीज उघडत असू शकते. अर्थ लूप टेस्टर असलेला ठेकेदार शोधणे त्यापेक्षा सोपे आहे. त्याचे वाचन १.४ ओहमच्या आत आले तर सी कर्व्हचा १६ अँपिअर ब्रेकर पेटीवर फेज आल्यावर स्वतःच तत्काळ पडेल. वाचन पाच-दहा ओहम आले, जे आपल्या भागात स्वतःच्या पिटवर चालणाऱ्या घरांत नेहमीचेच आहे, तर सगळी भिस्त आरसीबीओवर आहे असे समजून त्याचे बटण दर महिन्याला दाबत चला. लिनियर विकत घ्या तो हे वाचन हातात आल्यानंतरच.